वालिदेचं पहिलं नाव

निपाणीच्या कॉलेजात यंदा मला तुर्कांचा पेपर आलाय.
रात्री नोट्स काढत बसते.
आई समोर चवळीच्या शेंगा सोलते
आणि विचारते,
“आज कुठवर आली गं तुझी राणी?”

आज तिचा मुलगा गादीवर बसला.
जुन्या महालातून नव्या महालात तिची मिरवणूक निघाली,
पडद्याची गाडी, दुतर्फा शिपाई,
मुलगा पायी सामोरा आला,
हात घेऊन कपाळाला लावला.
आता ती वालिदे. सुलतानाची आई.

“म्हणजे नवरा मेल्यावर,” आई म्हणते,
किडका दाणा बाजूला टाकत.

हो. नवरा मेल्यावरच.

तेराव्याला काकांनी वखारीच्या किल्ल्या
पाटावर ठेवून तिच्यापुढे सरकवल्या होत्या.
त्याआधी बावीस वर्षं ती वखारीत गेली नव्हती,
तंबाखूचा खकाणा मात्र रोज तिच्या उशीपर्यंत यायचा.

दिवाणखान्याच्या भिंतीत म्हणे एक जाळीची खिडकी होती.
आत कोण आहे, आहे की नाही,
वजिरांना दिसायचं नाही,
म्हणून रिकाम्या जाळीपुढेही ते जपून बोलायचे.
आमच्याकडे स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं.
चिक्कोडीचा दलाल भाव सांगायचा,
आत एकदा भांडं वाजलं की थोरला म्हणायचा, ठरलं.
दोनदा वाजलं की, बघून सांगतो.

पुढचं पान भावांचं आहे.
ते मी मोठ्यानं वाचत नाही.
दोरी रेशमाची असायची,
राजरक्त जमिनीवर सांडू नये म्हणून.
आई विचारत नाही. सोलत राहते.
सात वर्षं झाली, कोर्टात तारखा पडताहेत,
थोरला एका दारानं येतो, धाकटा दुसऱ्या,
आणि ती रोज सकाळी दोन डबे भरते,
दोन्हींत हीच चवळी,
मीठसुद्धा एकाच चिमटीतलं.

“मूळची कुठली ती?”

काळ्या समुद्रापलीकडची. लहानपणीच पळवून आणलेली.
महालात आल्यावर नाव बदललं, फारसी ठेवलं.

“आणि आधीचं?”

मी मागची पानं चाळते, पुस्तकाची सूची बघते.
नाही गं. लिहिलेलं नाही कुठं.

“आईनं ठेवलं असंल की काहीतरी.”

ही यमकनमर्डीची.
ताटातल्या तांदळात बाबांनी अंगठीनं शशिकला लिहिलं
तेव्हा तिला ते वाचता आलं नव्हतं,
अक्षरं मराठी होती.
शेजारी बसलेल्या नणंदेला तिनं हळूच विचारलं,
कोणाचं नाव आहे?

कारहुणवीला तिचा मामा यायचा,
उंबऱ्यातूनच हाक मारायचा, “बाळव्वा!”
आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो,
ही कोण?
मामा गेला.
त्यानंतर या घरात बाळव्वा कुणी नाही.
फक्त पहाटे डबे भरताना,
आम्ही झोपलोत असं वाटून,
ती भाकऱ्या मोजते: ओंदु, एरडु, मूरु.

वालिदे स्वप्नं कुठल्या भाषेत बघत असेल?
सत्तर वर्षांची झाल्यावर, जाळीमागे,
घशात एखादी हाक अडकत असेल का,
जी कळणारं त्या चारशे खोल्यांत कुणी नाही?

“परीक्षेला येतंय व्हय हे, नाव?”
नाही.
“मग समासात तरी लिही.”

कुणाचं लिहू ते ती सांगत नाही.
शाळेत शिकलेलं कन्नड आठवत, आठवत
मी समासात लिहिते, बाळव्वा.

ती चष्मा काढून पुसते, परत घालते,
वहीवर वाकते,
ओल्या बोटानं एकेक अक्षर दाबत जाते.
“चुकलीस,” म्हणते.
“खालचा व राहिला.”

पेन माझ्या हातातून घेते
आणि थरथरत, शेवटच्या अक्षराच्या पोटाखाली,
काढते.